निळा मासा पिवळा झाला आणि मारायला लागला

प्रश्न: माझा 3 फुटी टँक आहे (36 बाय 15 बाय 18 इंच). आठ महिन्यांपूर्वी ‘मिक्स आफ्रिकन सिक्लिड’ (रंगीत माशांचा एक गट) म्हणून 9 पिल्लं आणली, 3 पिवळे यलो लॅब, 2 तपकिरी रस्टी आणि 4 निळे पट्टेवाले, दुकानदार त्यांना केन्यी म्हणाला. त्यातला एक निळा हळूहळू पिवळा झाला आणि आता कुणालाच जगू देत नाही. दोन लॅब मेले, तिसरा फिल्टरमागे लपलाय. पोट भरलं की शांत होईल म्हणून खाणं वाढवलं, काही फरक नाही. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी तो तिसरा लॅब बाहेर काढा, हे वाचून झालं की लगेच. बादलीत टँकचंच पाणी घ्या, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन टाका, वर जाळी टाका. वरच्या कोपऱ्यात पर मिटून तिरका उभा राहणारा मासा हरलेला असतो, तो खायलाही खाली येत नाही आणि दोन-तीन दिवसांत जातो, मी माझ्याकडे असाच एक घालवलाय म्हणून सांगतेय.

आता तुमचा निळा मासा. केन्यीची पिल्लं सगळीच निळी असतात, नर वयात आला की पिवळा होतो, मादी निळीच राहते. म्हणजे तुमचा नर वयात आलाय आणि त्याला टँकमध्ये आधीच तीन पिवळे मासे दिसतायत. आपल्या रंगाचा मासा म्हणजे आपला स्पर्धक, एवढंच त्याला कळतं. म्हणून लॅब आधी गेले, रस्टी वाचले.

हे मासे मलावी सरोवरातल्या खडकांवरचे, तिकडे त्यांना मबुना म्हणतात. तिथेही नर आपल्या कपारीसाठी असाच भांडतो, पण हरलेला पळून दुसऱ्या खडकावर जातो. तुमच्या दीडशे लिटरमध्ये तो पळून पळून परत त्याच्याच पुढ्यात येतो. मासा वाईट नाहीये हो, जागा कमी आहे. आणि भांडण जागेचं आणि माद्यांचं आहे, भुकेचं नाही, त्यामुळे खाणं कमी करा. हे शेवाळ खरवडून खाणारे मासे, स्पिरुलिना (शेवाळाचे) पेलेट दिवसातून दोनदा, चिमूटभर. ब्लडवर्म (लाल अळ्या) नकोच, पोट फुगून मरतात.

माझं स्पष्ट मत, चारही केन्यी देऊन टाका. नुसता पिवळा काढला तर उरलेल्यातला एखादा दबून राहिलेला नर महिन्याभरात पिवळा होतो आणि परत तेच सुरू. केन्यीला 4 फुटी टँक, एक नर आणि चार-पाच माद्या असं लागतं, 3 फुटात ते जमवायचा हट्ट करू नका.

मग लॅब आणि रस्टी मिळून 10-12 मासे ठेवा. ऐकायला उलटं वाटेल, पण दोन-तीन मासे असले की सगळा मार एकावर पडतो, गर्दीत तो वाटला जातो, मात्र फिल्टर दमदार हवा आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. बोअरचं जड पाणी असेल तर चिंता नको, यांना जडच पाणी मानवतं. नवीन मासे सगळे एकदमच सोडा, त्याआधी सगळे दगड हलवून रचना बदला म्हणजे जुन्यांचे इलाके मोडतात, आणि रात्रभर लाईट बंद. आपला काळा दगड उत्तम, पण तो थेट तळाच्या काचेवर बसवून मग भोवती वाळू घाला. हे मासे तोंडाने वाळू उपसतात, वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस घसरून काच फोडतो.

प्रश्न: यलो लॅबची मादी आठवडाभर खात नाही, गळ्याखाली फुगलीय, नर पिच्छा सोडत नाही. औषध देऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अजिबात नको! तिच्या तोंडात अंडी आहेत. ही मादी साधारण तीन आठवडे पिल्लं तोंडात सांभाळते, त्या काळात जवळपास काही खात नाही. लपायला फोडलेली मातीची कुंडी द्या, नर फारच छळत असेल तर दोन आठवड्यांनंतर अंधारात हळूच वेगळ्या टँकमध्ये हलवा. आधी हलवलंत तर घाबरून अंडी थुंकेल किंवा गिळेल. पिल्लं सुटल्यावर चार-पाच दिवस तिला तिथेच पोटभर खाऊ घाला आणि मगच परत सोडा, अशक्त मादी परत गेली की सगळे तिच्यावरच तुटून पडतात.