साहेब बदलले तरी तारीख तीच

प्रश्न : धनकवडीत आमच्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनचं पूर्ण बिल निघालं, पण निम्मी लाइन टाकलेलीच नाही. मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळावी म्हणून ३ फेब्रुवारीला पुणे महापालिकेत माहिती अधिकारात अर्ज दिला. उत्तर नाही. १० मार्चला पहिलं अपील केलं, त्याची सुनावणीच लागली नाही. आता जूनमध्ये तिथले क्लार्क म्हणतात, ‘ते साहेब बदलून गेले, नव्याने अर्ज करा.’ माहिती आयोगाकडे जावं, तर तोही सरकारनेच नेमलेला. काय करू?

उत्तर : नव्याने अर्ज अजिबात करू नका. नवा अर्ज म्हणजे पुन्हा तीस दिवस, पुन्हा पहिलं अपील. आणि तो सल्ला देणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. जुन्या अर्जावरचा आवक शिक्का ही तुमची कमाई आहे. साहेब बदलले तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० चा दंड, दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्या वेळच्या जन माहिती अधिकाऱ्याच्याच, म्हणजे अर्जाला उत्तर देणं ज्याचं काम होतं त्याच्याच, खिशातून जातो. (अपील दाबून बसलेल्या वरिष्ठांना मात्र हा दंड नाही. कायद्यातलं हे भोक मला नेहमी खटकतं.)

आयोगाबद्दलची शंका अगदीच निराधार नाही. आयुक्तांची मुदत पूर्वी कायद्यातच पाच वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत आणि पगार केंद्र सरकार ठरवतं. पण गैरवर्तनासाठी आयुक्ताला काढायचं, तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते, आणि आयोगाचा निर्णय महापालिकेवर बंधनकारक असतो. माझ्या अनुभवात तिथे पक्षपातापेक्षा रांगेचाच त्रास जास्त. म्हणूनच लवकर नंबर लावा.

आयोगाकडे जायचं ते दुसऱ्या अपिलाने, आणि त्याला ९० दिवस मिळतात. पहिल्या अपिलाच्या निकालाचे ४५ दिवस धरले तर मुदत २३ जुलैपर्यंत जाते, पण ते जादा पंधरा दिवस लेखी कारण दिलं तरच. तुम्ही निकालाचे नेहमीचे ३० धरा, म्हणजे ८ जुलै.

आयोगाकडे ‘माहिती दिली नाही’ अशी नुसती कलम १८ ची तक्रार करू नका. त्यावर दंड होईल, पण ‘कागद द्या’ असा आदेश मिळत नाही. मणिपूरच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. दुसरं अपीलच करा : जोडपत्र ‘क’ (त्या अपिलाचा नमुना), २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज आणि पहिलं अपील या दोन्हींच्या पोचांच्या प्रती, आयोगाचं पुणे खंडपीठ. मुदत उलटल्यामुळे प्रती कलम ७(६) प्रमाणे फुकट मिळाव्यात, हेही मागणीत लिहा. आणि पोच घेताना शिक्क्यातली तारीख नीट उमटली आहे ना, ते काउंटर सोडण्याआधी पाहा.