मे महिन्यात वळीव कुठे पडेल, हे आधी कसं ओळखायचं?
आदल्या दिवशी गाव धरून सांगता येत नाही. वळवाचा एक ढग जेमतेम 5-10 किलोमीटर रुंद असतो. सकाळी कमाल तापमानापेक्षा दवबिंदू पाहा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं, ते तापमान. देशावर तो 20 अंशांच्या आसपास असेल तर ढगाला खाद्य आहे. 10-12 असेल तर चाळिशीच्या उन्हातही बहुधा नुसती धूळ उडते. दुपारी समुद्रावरचा दमट वारा घाट चढून येतो आणि पूर्वेच्या वाऱ्याला भिडतो, तिथे ढग उभे राहतात. फुलकोबीसारखा माथा विरून ऐरणीसारखा पसरला, की वावटळ, गारा कधीही. कांदा त्याआधीच झाका. मग हवामान खात्याचा 3 तासांचा तात्काळ अंदाज आणि रडार पाहत राहा. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर शेत सोडून पक्क्या घरात जा, झाडाखाली मुळीच थांबू नका.