स्पेंग्लर कप पहिल्यांदा बघताय?

स्वित्झर्लंडच्या दावोसमध्ये १९२३ पासून चालणाऱ्या या आइस हॉकी स्पर्धेचा साचा एकदा समजून घ्या, मग गोंधळ होणार नाही. २६ ते ३१ डिसेंबर, सहा संघ, तीन-तीनचे दोन गट. गटात प्रत्येकाला दोनच सामने, आणि तरी पहिल्या तीन दिवसांत कोणीच घरी जात नाही! मग खेळायचं कशाला? तर गटविजेता थेट उपांत्य फेरीत जातो. बाकीचे २९ तारखेला उपांत्यपूर्व फेरी खेळतात. गटविजेत्याची ती वाचलेली दमछाक ३० आणि ३१ ला कामी येते, कारण सामने लागोपाठच्या दिवशी असतात.

गुणतक्ता नीट वाचा. साठ मिनिटांत जिंकलं तर तीन गुण, जादा वेळेत किंवा पेनल्टी शूटआउटवर जिंकलं तर दोन, आणि तिथे हरणाऱ्यालाही एक.

यजमान एचसी दावोस, म्हणजे तिथलाच हॉकी क्लब, असतोच. टीम कॅनडा मात्र क्लब नाही, बहुतेक युरोपात खेळणाऱ्या कॅनेडियनांची मोट. शिवाय संघ आठवड्यापुरते उसने खेळाडू घेतात, त्यामुळे ओळखीचा चेहरा भलत्याच जर्सीत दिसला तर दचकू नका.

रात्रीचा सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर लागतो. तेवढं जागरण नको असेल तर अंतिम सामना गाठा. तो तिथे भरदुपारी, म्हणजे आपल्या चहाच्या वेळेला असतो.