गोव्यात घडणाऱ्या किशोर रहस्यकादंबरीत फॉरेन्सिक विज्ञान कितपत खरं दाखवता येईल?

तुम्ही विचारलंय की वाचक १२ ते १५ वयाचे, नायिका नववीतली, गाव मांडवीकाठचं. तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सामानावर तिने गुन्हा उलगडला हे पटेल का, आणि कुठे फसायला होईल?

पटेल, पण एक पथ्य पाळा. तिच्या कुठल्याही प्रयोगातून ‘हाच तो’ असं निघू देऊ नका, ‘हा नव्हे’ एवढंच निघू द्या. शाळेच्या सामानाने संशयित वगळता येतात, पुरावा उभा करता येत नाही. शिवाय निम्मे प्रयोग बिघडले पाहिजेत, आणि ते का बिघडले यातच पुढचा धागा सापडला पाहिजे. गोव्याची हवा हे काम तुमच्यासाठी फुकटात करते.

खून घेऊ नका. खून म्हटला की शवविच्छेदन बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणि नमुने वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूदच आहे. मग तुमची मुलगी दोरीपलीकडे उभी राहून करणार काय? त्यापेक्षा ज्या गुन्ह्याकडे पहिले दोन दिवस कुणी नीट लक्ष देत नाही असा निवडा. माझ्या डोळ्यांसमोर मानस येते.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी मानस दोन ओळींत समजावावी लागेल. खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधात बसवलेली लाकडी झडपांची दारं. भरतीचं पाणी चढलं की नदीच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ओहोटीला तिथे जाळं लावून मासे धरतात आणि त्या हक्काचा लिलाव होतो. भरतीच्या वेळी दगड किंवा ओंडका अडकवून दार उघडं ठेवलं तर मासळी जास्त आत येते, पण खारं पाणीही शेतात शिरतं. हेतू, साधन आणि नुकसान तिन्ही इथेच मिळतात.

आता वेळ काढायची. ‘ठसा ताजा दिसतो’ असं कुणाच्याही तोंडी घालू नका, चिखलातल्या ठशाचं वय नुसतं बघून सांगता येत नाही. पाणी मात्र सांगतं. समजा भरतीचा माथा रात्री ११:४० ला होता. भरती ते ओहोटी साधारण ६ तास १२ मिनिटं, म्हणजे पाणी ५:५० च्या सुमारास सगळ्यात खाली. बांधाच्या नदीकडच्या उतारावर, भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्या बरोबर मध्ये ठसा आहे. ती जागा पाण्याबाहेर आली पावणेतीनच्या आसपास. मुलीने ठसा साडेसहाला पाहिला. म्हणजे माणूस पावणेतीन ते साडेसहाच्या दरम्यान आला. आणि नऊच्या आत ठसा उचलला नाही तर पुन्हा पाण्याखाली. शाळेची घंटा किती वाजता होते ते तुम्ही ठरवा!

यात तीन खोड्या आहेत. पहिली, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातल्या वेळा मुरगाव बंदराच्या असतात. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. तो फरक मोजायला काठावर बांबू रोवून दर अर्ध्या तासाने पाण्याची रेघ टिपावी लागते, आणि वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात हेही धरावं लागतं. दुसरं, आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. लहान भरतीच्या रेघेच्या वरचा ठसा त्या भरतीत वाचतो, त्यामुळे तो एक दिवस जुनाही असू शकतो. तिसरं, पावसाळ्यात वरून पाणी लोटत असेल तर हा हिशेबच कोसळतो.

कादंबरीला खरा कलाटणी देणारा मुद्दा मात्र वेगळाच आहे. दार अडवायचं ते पाणी चढत असताना, म्हणजे ११:४० च्या आधी. पावणेतीननंतरचा ठसा जाळं काढायला आलेल्याचा. ही दोन माणसं असू शकतात. मुलगी आधी दोघांना एकच धरून चुकेल, आणि ती चूक वाचकाला अगदी रास्त वाटेल.

ठसा उचलण्याची रीत नेमकी लिहा. आधी बाजूला पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो. मग एका मोठ्या पावलासाठी साधारण १ किलो प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ६०० मिली पाणी. पाण्यात पूड घालायची, पुडीत पाणी नाही. उलट केलं की गुठळ्या होतात. ताकापेक्षा जरा दाट झालं की चमच्याच्या पाठीवरून कडेने ओतायचं, थेट ओतलं तर चिखलातल्या बारीक रेघा धुऊन जातात. अर्ध्या तासाने उचलता येतं, पण घासून साफ करायला पूर्ण दिवस थांबावं लागतं. गोव्यात पीओपीच्या गणेशमूर्तींवर बंदी असली तरी फॉल्स सीलिंगसाठी पूड दुकानात मिळते. फक्त पावसाळाभर उघड्या राहिलेल्या पिशवीतली पूड हवेतलं पाणी ओढून आधीच मेलेली असते, तिचा ठसा हातात तुटतो. घाईत नदीचं खारं पाणी वापरलं तर प्लास्टर डब्यातच आवळायला लागतं. पहिला ठसा असाच वाया घालवा.

पावलावरून उंची काढायचा मोह होईल. अनवाणी पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते, म्हणजे २६ सेंटीमीटरला १७३. पण चिखलात पाय सरकतो, टाच लांबते. ‘१६५ ते १८०’ असं लिहा. त्यात गावातले निम्मे पुरुष बसतील, आणि बसू देत. शाळेतला पाच फुटी मुलगा मात्र यादीतून सुटेल.

शेतात खरंच खारं पाणी शिरलं का, हे बघायला बारावीच्या प्रयोगशाळेतलं सिल्व्हर नायट्रेट पुरतं. पाण्याच्या नमुन्यात दोन-तीन थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका. इथे लेखक हमखास चुकतात: खाजनाच्या मातीत मीठ मुळातच असतं, नळाच्या पाण्यालाही धूसरपणा येतो. म्हणून न बुडालेल्या शेजारच्या कुणग्यातला (शेताच्या तुकड्यातला) नमुना सोबत तपासलाच पाहिजे, तोही डिस्टिल्ड वॉटरने धुतलेल्या बाटलीतून. आणि महिना सांभाळा. भर पावसात मांडवीचं पाणी वरच्या अंगाला जवळजवळ गोडं असतं, तेव्हा हा गुन्हा घडला तरी साका नावापुरताच. ऑक्टोबर घ्या.

अडकवलेल्या दगडावर लाल डाग ठेवायचा असेल तर आमच्याकडे संशयाला तोटा नाही: आमसूल, पानाची पिंक, माशाचं रक्त. आमसुलाचा डाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निळसर-हिरवट होतो, रक्ताचा होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने रक्त फेसाळतं खरं, पण कच्च्या बटाट्याचा रसही फेसाळतो, त्यामुळे फेस आला म्हणून रक्त ठरत नाही. ताजं असेल तर सूक्ष्मदर्शक कामाला येतो. ४०० पट मोठं करून पाहिलं की माशाच्या लाल पेशी लांबट आणि मध्ये केंद्रक असलेल्या दिसतात, माणसाच्या गोल आणि बिनकेंद्रकाच्या. वाळलेल्या डागात पेशी फुटलेल्या असतात, तिथे हा उपाय संपला.

बोटांच्या ठशांवर फार वेळ घालवू नका. चिऱ्याच्या खरखरीत भिंतीवर ते मिळत नाहीत; बाटलीवर, टॉर्चवर मिळतात. दवाने ओल्या बाटलीवर पेन्सिलीच्या शिशाची पूड मारली की चिखल होतो. आधी सावलीत वाळू द्यायची, मग मऊ ब्रश अगदी हलका. आणि ‘आधारवरून ठसा जुळवला’ हे वाक्य खोडून टाका: आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बोटांचे ठसे कुणालाही देता येत नाहीत. पोलीस ‘नाफिस’ या राष्ट्रीय यंत्रणेत जुळवतात, पण तिथे पूर्वी गुन्ह्यात नोंद झालेल्यांचेच ठसे. तुमचा गुन्हेगार गावातला सभ्य माणूस असेल तर तिथे काहीच सापडणार नाही. डीएनएचा अहवालही त्याच संध्याकाळी हातात देऊ नका.

शेवटी ती पोलीस ठाण्यात जाईल. तिच्या वस्तू कोर्टात टिकणार नाहीत, कारण पंचनामा नाही, पंच नाहीत, सील नाही. पण हवालदाराला कुठे बघायचं ते त्यावरून कळेल. ओलसर चिंधी प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नये, दोन दिवसांत बुरशी येते. कागदी पाकिटात न्यावी. आणि प्लास्टर ओलं असतानाच पाठीवर काडीने तारीख, वेळ आणि नदीच्या दिशेचा बाण कोरलेला असावा. बाण विसरला तर माणूस मानशीकडे येत होता की होडीकडे परत जात होता, हे नंतर त्या ठशावरून कुणालाच सांगता येणार नाही.