कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणजे नक्की काय झालं?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची, पीसी बदलू का आणि किती वर्षांनी बदलू. म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: नमस्कार. घरी २०१६ मध्ये घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेल आय-फाइव्ह, सहावी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. काम म्हणाल तर एक्सेल, ईमेल, ब्राउझर आणि आठवड्यातून दोन-तीन व्हिडिओ कॉल. आजकाल चालू केला की पाच मिनिटं नुसता फिरत बसतो. आमच्या ऑफिसात दर चार वर्षांनी सगळ्यांचे पीसी बदलतात, मग मी काय चुकतोय का? काही ठरलेला नियम असतो का?

उत्तर: नियम आहे, पण तो तुमच्या घरासाठी नाहीये. ऑफिसात तीन-चार वर्षांनी बदलतात त्याचं मोठं कारण म्हणजे वॉरंटी. बऱ्याच कंपन्या तीन वर्षांच्या वॉरंटीसकट शे-दोनशे मशीन एकदम घेतात, ती संपली की एखादं बंद पडल्यावर माणूस दिवसभर हातावर हात धरून बसतो, दुरुस्तीवाला वेगळा बोलवावा लागतो, आणि हिशेबाच्या वहीत तोपर्यंत त्या मशीनची किंमतही जवळपास शून्यावर आलेली असते. म्हणजे मशीन थकलं म्हणून नाही तर सांभाळायची कटकट नको म्हणून बदलतात. घरी एकच मशीन असतं आणि ते तुम्हाला ओळखीचं असतं.

आता हा तीन-चार वर्षांचा आकडा डोक्यात बसला कसा, तर एके काळी तो खरंच बरोबर होता. १९९३ ला इंटेलचा पहिला पेंटियम प्रोसेसर आला तेव्हा त्याचा वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ, २००० मध्ये १ गिगाहर्ट्झ, आणि २००२ संपेपर्यंत ३ च्या वर. नऊ-दहा वर्षांत पन्नास पट! त्या काळात चार वर्षं जुना पीसी म्हणजे खरंच भंगार, नवीन सॉफ्टवेअर त्याच्यावर उघडायचंच नाही. पण मग चिप इतकी तापायला लागली की गाडी तिथेच अडली, ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला. त्यानंतर एका चिपवर दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन प्रोसेसर, चार कोअर, आठ कोअर असं सुरू झालं. लोक इथे मूरचा नियम सांगतात, पण गॉर्डन मूरने १९६५ मध्ये जे म्हटलं होतं ते एका चिपवर किती घटक बसतात त्याबद्दल, तुमची एक्सेल शीट किती पटकन उघडेल याबद्दल नाही. जास्तीचे कोअर व्हिडिओ बनवणाऱ्याला कामाला येतात, पत्र टाईप करणाऱ्याला त्यातले बरेचसे रिकामेच बसलेले असतात.

म्हणून वर्षं मोजणं सोडा आणि आधी बघा अडतंय कुठे. चालू करून लगेच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तिथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे आकडे दिसतात. माझी पैज आहे की तुमच्याकडे डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि प्रोसेसर बिचारा १०-१५ टक्क्यांवर वाट बघत बसलेला असेल. तसं असेल तर पाच मिनिटांचा दोष त्या हार्ड डिस्कचा आहे, प्रोसेसरचा नाही.

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक विनाकारण अख्खं मशीन टाकून देतात. हार्ड डिस्कमध्ये चकती असते, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंद, आणि डोकं त्या रेघेवर सरकायला आणखी ८-९. मिळून १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे वेगवेगळ्या जागी पडलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला ७५-८० वेळाच, त्याच्यावर काही केल्या जात नाही. आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फायली वाचतं, वर अँटिव्हायरस, अपडेट, क्लाउडचं सिंक सगळे एकाच वेळी त्याच डोक्याला इकडे बोलवतायत, तिकडे बोलवतायत. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. तुमच्या मशीनला साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायची जागा, नक्की आहे, त्यावर अडीच इंची एसएसडी बसते, विंडोज तिच्यावर घ्या, जुनी डिस्क फोटो वगैरेसाठी तशीच राहू द्या. फरक इतका पडतो की घरचे विचारतात नवीन घेतला का.

"एसएसडी लवकर झिजते म्हणे" असं कुणीतरी सांगेलच. ५०० जीबीच्या बऱ्याच साध्या एसएसडींना कंपनीच ३०० टेराबाईट लिहिण्याची हमी देते. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, आणि तुमच्या कामात एवढं होणं अवघडच आहे, तरी ४० वर्षं लागतील. त्याआधी दुसरं काहीतरी जाईल, उदाहरणार्थ मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल, सीआर२०३२. तो संपला की तारीख सारखी मागे जाते, मग वेबसाइट उघडत नाहीत आणि लोकांना वाटतं कॉम्प्युटर गेला. मी स्वतः एकदा या सेलपायी विंडोज नव्याने टाकलंय, हसा.

रॅमचं म्हणाल तर ब्राउझरमध्ये वीस टॅब ठेवायची सवय असेल तर १६ जीबी करा, नसेल तर ८ वर भागतंय. फक्त घेण्याआधी मशीन उघडून बघा, कारण सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३ चा कमी व्होल्टेजचा प्रकार लागतो आणि काहींवर डीडीआर४, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसतच नाही.

एवढं सगळं झाल्यावर आता वाईट बातमी. मशीनला वय नसतं पण विंडोजला असतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आणि विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, तुमची सहावी. हे मला स्वतःला पटत नाही, चांगलं चालतं मशीन नुसतं यादीत नाही म्हणून बाहेर, पण आहे हे असं आहे. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, त्यामुळे ज्याच्यावर बँकेचं काम करता त्यावर मी तरी करणार नाही.

तर तुम्ही असं करा. नोंदणी करून टाका, एसएसडी लावा, मुदत संपेपर्यंत आरामात वापरा. एसएसडी वाया जात नाही, पुढच्या मशीनमध्ये काढून लावता येते. दरम्यान एखाद्या रविवारी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) चालवून बघा, ते डिस्कला हात न लावता चालतं, ईमेल आणि ब्राउझर तर तेच असतात, प्रश्न फक्त एक्सेलचा, तुमच्या शीटमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असतील तर तिथल्या लिबरऑफिसमध्ये, म्हणजे ऑफिसच्या फुकट पर्यायात, गडबड होऊ शकते. जमलं तर हेच मशीन अजून काही वर्षं. नाही जमलं तर बदला, आणि तेव्हा मन खाऊ देऊ नका.

प्रश्न: दादा, माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, तरी विंडोज ११ चालणार नाही असं दाखवतंय. सगळे म्हणतात नवीनच घे. घेऊ का?

उत्तर: अरे थांब. बहुतेक वेळा टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, बंद असतो एवढंच. विंडोजचं बटन आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाईप कर, "सापडला नाही" आलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा, इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी नावाने लपलेला असतो, एएमडीवर एफटीपीएम. चालू कर. सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) पण लागतं, त्यासाठी मशीन यूईएफआय, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीच्या, मोडमध्ये हवं. डिस्कचे भाग पाडायची पद्धत जुनी, एमबीआर असेल तर आधी एमबीआरटूजीपीटी नावाच्या विंडोजच्याच टूलने बदलावी लागते, आणि ते करण्याआधी बॅकअप, खरंच बॅकअप. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, बायोसमध्ये हात घातला की तो ती मागतो आणि तेव्हा ती त्याच मशीनमध्ये सेव्ह असून काही उपयोग नसतो.

प्रश्न: माझा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, बाकी छान चालतो पण चार्जर काढला की वीस मिनिटांत बंद. शिवाय हल्ली टचपॅड एका बाजूने जरा वर आल्यासारखा वाटतो आणि क्लिक नीट होत नाही. दुरुस्त करू की नवीन घेऊ? तोपर्यंत चार्जर लावून वापरला तर चालेल ना?

उत्तर: नाही ताई, चालणार नाही. तुमच्या पत्रातली ती टचपॅडची ओळ वाचून मी बाकीचं सोडून आधी हेच लिहायला बसलो. टचपॅड वर येतोय म्हणजे बहुतेक खालची बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून सपाट करायला जाऊ नका, त्या बॅटरीला भोक पडलं तर आग लागते. जिथे दुरुस्ती करतात तिथे नेऊन बॅटरी काढून घ्या आणि जुनी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

पण यासाठी लॅपटॉप टाकायची गरज नाही. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की ८० टक्क्यांच्या आसपास येते, पाच वर्षांत ती संपणारच होती, टायर झिजले म्हणून कुणी गाडी विकत नाही. नवीन बॅटरी बसवल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग तिरकी रेघ (/) आणि जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाईप करा. एक पान तयार होतं, त्यात मूळ क्षमता आणि आता किती भरते हे दोन्ही आकडे असतात, नवी म्हणून जुनीच गळ्यात मारलीय का ते तिथेच कळतं. खोललाच आहे तर पंख्यातली धूळ काढायला आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलायला पण सांगा, तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि आपण म्हणतो जुना झाला.

नवीन घ्यायचा कधी, तर मदरबोर्ड गेला, किंवा स्क्रीन आणि बिजागरी दोन्ही गेलं, किंवा रॅम बोर्डवरच चिकटवलेली आहे आणि ती कमी पडतेय, तेव्हा. पुढच्या वेळी घेताना हे शेवटचं आठवणीने विचारा. रॅम वाढवता येत नसेल तर आजच्या गरजेच्या दुप्पट घ्या.

प्रश्न: मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. २०१६ चंच मशीन. तुमचा सल्ला मलाही लागू का?

उत्तर: नाही, तुम्ही बदला. तुमचं मशीन वाट बघायला लावतं तेव्हा तुमचा कामाचा वेळ जातो, आठवड्याला एक्सपोर्टमध्ये किती तास गेले ते महिनाभर लिहून ठेवा, आकडाच सांगेल. शिवाय आजचे बरेच कॅमेरे व्हिडिओ १०-बिट एचईव्हीसी या दाबून लहान करायच्या पद्धतीत देतात, ते हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये सातव्या पिढीपासून आली, तुमच्याकडे सगळा भार प्रोसेसरवर पडत असणार म्हणून टाइमलाइन अडखळते. फक्त ग्राफिक्स कार्ड बदलूनही यातलं बरंच सुटतं, पण पॉवर सप्लाय तेवढे वॉट देतोय का बघा आधी. तुमच्यासारख्यांनी चार-पाच वर्षांनी बदलणं मला उधळपट्टी वाटत नाही.

प्रश्न: इंटेलवाला मॅक आहे, किती दिवस?

उत्तर: ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरात स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले, आणि मॅकओएस २६ ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असं त्यांनी सांगून टाकलंय, तीसुद्धा मोजक्याच इंटेल मॅकवर चालते. चालतोय तोवर चालवा, पण त्यात आता पैसे घालू नका.

प्रश्न: मी दर दोन वर्षांनी जुना विकून नवीन घेतो, किंमत बरी येते. विकताना फॉरमॅट मारतो, तेवढं पुरे ना?

उत्तर: दोन वर्षांचं मी काही बोलत नाही, शौक आहे तुमचा. पण हेही ध्यानात असू द्या की लॅपटॉपच्या आयुष्यातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो, विजेच्या बिलात नाही.

फॉरमॅट मात्र पुरे नाही. क्विक फॉरमॅटमध्ये डेटा तिथेच राहतो, पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडल्यासारखं. हार्ड डिस्क असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये "ड्राइव्ह साफ करा" हा पर्याय चालू करून रात्रभर सोडा. एसएसडी असेल तर बऱ्याच बायोसमध्ये किंवा कंपनीच्या टूलमध्ये सिक्युअर इरेज असतं, ते वापरा. आणि पुसण्याआधी डेस्कटॉपवरचं आणि डाउनलोड फोल्डरमधलं एकदा डोळ्याखालून घाला, मी गेल्या वेळी सगळं नीट पुसलं आणि दोन दिवसांनी आठवलं की भाचीच्या बारशाचे फोटो डाउनलोडमध्येच होते. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.