उरेब: शिंप्याचा शब्द आणि तुलसीदासांचाही

प्रश्न असा आला आहे: “मैत्रिणीच्या रिसेप्शनसाठी 1930च्या धर्तीचा सॅटिनचा ‘बायस कट’ ड्रेस शिवते आहे. बायस कटला मराठीत काय म्हणायचं? तिरपा, तिरका की क्रॉस?”

तिन्ही नकोत. मराठीत त्याला उरेब म्हणतात. गळ्याला लावतो ती ‘उरेब पट्टी’ ज्यांना माहीत आहे, त्यांनी तोच शब्द सबंध झग्यालाही लावावा. ‘क्रॉस’ हा दुकानातला आळस आहे. आणि ‘तिरपा’ म्हटलं की तो घोटाळा सुरू होतो, जो ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत: खालचा घेर एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब दिसला की लोक बिनदिक्कत त्याला ‘बायस कट’ म्हणतात. अहो, घेराच्या रेषेशी याचा काहीएक संबंध नाही. सरळ घेराचा झगा उरेब असू शकतो आणि तिरक्या घेराचा झगा साफ उभ्या धाग्यावर कापलेला असू शकतो. उरेब असतं ते कापडाच्या विणीच्या हिशेबानं: ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) या दोघांशीही 45 अंशांचा कोन. त्या दिशेनं ओढलं की धागे स्वतः ताणले जात नाहीत, विणीतले चौकोन तेवढे कलतात. म्हणून न ताणणारं कापडही त्या दिशेला लवचीक होतं आणि चुण्या न घालता अंगासरशी पडतं.

आता शब्दाकडे. फारसीत ‘उरेब’ म्हणजे तिरकस. ‘ओरेब’, ‘वरेब’ अशी त्याची जुनी रूपं आहेत. इराणमध्ये आज उच्चार ‘ओरीब’ होतो, कारण तिथे जुना लांब ‘ए’ पुढे ‘ई’ झाला. आपण ज्याला ‘शेर’ म्हणतो त्या सिंहाला ते ‘शीर’ म्हणतात, तसंच हे. म्हणजे आपला शिंपी ‘उरेब’ म्हणतो तेव्हा तो तेहरानच्या शिंप्यापेक्षा जुनी फारसी बोलत असतो! याचा मला अपार आनंद होतो.

हिंदीत हाच शब्द ‘औरेब’ आणि ‘अवरेब’ झाला. चुडीदार पायजमा उरेब कापतात, त्याशिवाय तो पोटरीवर तसा बसणारच नाही. पण शब्द शिंप्याच्या दुकानात थांबला नाही. तुलसीदासांनी 1574 साली लिहायला घेतलेल्या रामचरितमानसात, बालकांडात, ‘धुनि अवरेब कबित गुन जाती’ अशी ओळ आहे. ग्रंथालाच सरोवर कल्पिलं आहे; त्या मानस-सरोवरातले मासे कोणते, तर काव्यातली ध्वनी, अवरेब, गुण आणि जाती. टीकाकार इथे अवरेबचा अर्थ वक्रोक्ती असा करतात. सरळ न बोलता तिरकं बोलणं, म्हणजे भाषेचा उरेब काप! काही हिंदी कोशकार याची ‘अव’ अधिक ‘रेव’ म्हणजे गती, अशी संस्कृत फोड करतात. मला ती मुळीच पटत नाही. फारसी शब्द ध्वनीनं आणि अर्थानं तंतोतंत समोर उभा असताना संस्कृतात खोदकाम कशासाठी? ‘उर’ म्हणजे छाती आणि पट्टी गळ्याशी लागते, म्हणून ‘उरेब’, ही फोड तर चर्चेलाही घेण्याजोगी नाही. बाहीच्या मुंढ्यालाही हीच पट्टी लागते, तिथे कुठला उर?

अरबी शिवणकामात याच कापाला ‘वर्ब’ म्हणतात. फारसी ‘वरेब’ आणि हा ‘वर्ब’ एकाच घरातले, असं माझं ठाम मत आहे. दोन शेजारी भाषांत, एकाच धंद्यात, एकाच अर्थानं, जवळजवळ तीच व्यंजनं योगायोगानं येत नाहीत.

इंग्रजी ‘बायस’ फ्रेंच ‘बिए’वरून आला, त्याचाही अर्थ तिरकस. एका बाजूला जड केलेला चेंडू घरंगळताना वळतो, त्या खेळातून तो मनाच्या कलाला लागला. यंत्रानं केलेल्या भाषांतरात ‘पक्षपाती ड्रेस’ दिसतो त्याचं मूळ हे. गंमत पाहा, फारसी संख्याशास्त्रातही अंदाजाला कल नसला तर त्याला ‘ना-ओरीब’ म्हणतात. पट्टीचा शब्द तिथेही गणितात शिरलाच.

हं, ड्रेस. तुम्हाला हवा आहे तो काप पॅरिसच्या वेशभूषाकार मादलेन व्हियोने यांनी नावारूपाला आणला. 1912मध्ये त्यांनी दुकान काढलं, पहिल्या महायुद्धात ते बंद राहिलं, पुन्हा उघडलं ते 1939पर्यंत चाललं. लहानशा लाकडी बाहुलीवर त्या झग्याची रचना करत आणि क्रेप नेहमीपेक्षा बराच रुंद विणून घेत. रुंद का, ते हिशेबानं कळतं: 44 इंच पन्ह्याच्या कापडात 45 अंशांवर काटकोनी तुकडा ठेवला, तर त्याच्या लांबी-रुंदीची बेरीज फार तर 62 इंच होते. 20 इंच रुंद तुकडा हवा तर लांबी 42. म्हणजे पायघोळ झगा एकसंध निघत नाही, जोड द्यावाच लागतो. साडीतून कापणार असाल तर हे आधी मोजा. जोड कमरेखाली तिरका घेतला तर तो मुद्दाम घेतल्यासारखा दिसतो, त्या काळच्या झग्यांत तशा शिवणी असतच.

कापड दुहेरी घालून कापू नका, सॅटिन खालच्या खाली सरकतं. एकेरी पसरा, खाली कागद घाला, डावा-उजवा भाग वेगळा कापा. शिवताना ओढू नका. टाका किंचित नागमोडी ठेवा, म्हणजे कापडाबरोबर शिवणही ताणेल आणि दोरा तुटणार नाही. झगा शिवून झाला की निदान एक दिवस टांगून ठेवा. उरेब कापड स्वतःच्या वजनानं उतरतं, तेही सगळीकडे सारखं नाही. घेर त्यानंतरच, अंगावर घालून, जमिनीपासून मोजून कापायचा.

आणि शिंप्याकडून करून घेणार असाल तर त्याला ‘क्रॉस’ सांगू नका. ‘सगळा झगा उरेब काप’ म्हणा.