जुन्या दुनळीचा ट्रिगर बिघडलाय, चुलत भावाकडून नीट करून घेऊ का?

आधी ती बंदूक रिकामी आहे ना ते बघा, काडतुसं वेगळ्या कुलपात टाका आणि मग पुढचं वाचा. तुम्ही लिहिलंय की शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर एका ओळखीच्या गृहस्थांकडून जुनी बारा बोअर दुनळी घेतली, 4 महिने झाले, आणि परवा काडतूस भरून बंद करताना बोट न लावताच बार उडाला, तेही सेफ्टी लावलेली असताना. नळी जमिनीकडे होती म्हणून आज आपण फक्त कायद्याचं बोलतोय. बऱ्याच जुन्या दुनळ्यांत सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, आतला घोडा नाही, त्यामुळे घोडा ज्यात अडकून राहतो ती आतली खाच झिजली की सेफ्टीवर भरवसा ठेवून चालत नाही.

आता चुलत भाऊ. त्याचं वर्कशॉप आहे, हात चांगला आहे, तासाभरात करून देतो म्हणतोय. नका देऊ. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 मधे बंदूक बनवणं, विकणं याच्याच ओळीत दुरुस्त करणं पण आहे, त्याला वेगळा परवाना लागतो, आणि तुमचा परवाना हा बंदूक बाळगायचा आहे, दुरुस्तीचा नाही. मी स्वतःच उघडली तर, असं पण विचारलंत, तर मालकाला सूट आहे असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. नळी पुसणं, वरून तेल देणं ही निगा झाली, पण खाच घासणं, स्प्रिंग बदलणं याला दुरुस्ती नाही असं कोर्टात मला तरी म्हणता येणार नाही. आणि शिक्षा बघा, 2019 च्या बदलानंतर कलम 25 खाली विनापरवाना दुरुस्तीला कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिवाय भावाकडे बंदूक ठेवून आलात तर विनापरवाना बाळगल्याचं त्याच्यावर वेगळं, 2 ते 5 वर्षं. घरच्या माणसाने मदत म्हणून केलेल्या कामापायी त्याला यात ओढू नका, एवढं कळकळीने सांगतोय.

सरळ रस्ता आहे आणि तो अवघड नाही. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गन हाऊसमधे बंदूक न्या, सोबत मूळ परवाना ठेवा, आणि बंदुकीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळतोय का ते निघायच्या आधी स्वतः बघा. तुम्हाला जमत नसेल तर कलम 3 मधेच सोय आहे, दुरुस्तीसाठी परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकारावर दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो, म्हणजे भाऊ नेऊन देऊ शकतो, फक्त तुमच्या सहीचं पत्र त्याच्याजवळ हवं आणि त्यात बंदुकीचा नंबर आणि कारण लिहा. जमा केल्याची पावती नंबरासकट घ्या.

विकणाऱ्याचं म्हणाल तर ते बंदुकांचे व्यापारी नाहीत, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाऊन उपयोग नाही. पण दोष त्यांना माहीत होता आणि मुद्दाम लपवला हे दाखवता आलं तर करार कायदा 1872 च्या कलम 17 आणि 19 खाली व्यवहार रद्द करून पैसे मागता येतात. यासाठी एक गोष्ट क्रमाने करा, गन हाऊसवाल्याकडून दुरुस्तीच्या *आधी* काय झिजलंय आणि ते किती जुनं दिसतंय हे लेखी घ्या, कारण एकदा नवीन पार्ट बसला की पुरावा गेला, आणि काढलेला पार्टसुद्धा घरी आणू नका, त्यांच्याकडेच राहू द्या, कायद्याने बंदुकीचे सुटे भाग पण शस्त्रातच धरलेत.

आणि रागाच्या भरात बंदूक त्यांच्या दारात नेऊन ठेवू नका हां. परत देणं हे पण हस्तांतरणच, त्यांच्याकडे आज चालू परवाना हवा, जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं. तोपर्यंत नोटीस मी तयार करून देतो, फक्त व्यवहाराची कागदपत्रं आणि त्यांच्याशी झालेले मेसेज डिलीट न करता पाठवा.